रंडकीची गिरणी

आमच्या गावची गिरणीवाली जिजी अनोळखी माणसाला आपली ओळख करून द्यायची तेव्हा आधी शिवी यायची आणि मग नाव. शिवी समोरच्याला नसे, स्वतःलाच असे. गावात नवा ग्रामसेवक आला, मीटर बघायला नवा माणूस आला, बँकेतून कुणी साहेब आले, की गिरणीच्या दारात उभी राहून, पदराने तोंडावरचं पीठ पुसत ती म्हणायची, "मी रंडकी. कौसाबाई नाव. गिरणी माझीच हाय. बोला, काय काम काढलं?" साहेब लोक हातातले कागद उलटसुलट करायला लागायचे. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. मला वाटायचं, सगळ्यांना जसं आडनाव असतं तसं हे जिजीचं असणार.

आमचं गाव शिरड शहापूरपासून पायी अर्ध्या तासावर. आमच्याकडे 'विधवा' हा शब्द फक्त अर्जावर असतो. बोलण्यात रंडकी. भांडण लागलं की तो शिवी होऊन येतो, लग्नकार्यात 'मागं सरा' अशा अर्थाने येतो, आणि एरवी कुजबुजीत असतोच. ज्यांच्या घरात तो एकदा शिरला त्यांना त्याचं वजन सांगायला नको. आणि ही बाई तोच शब्द भर दुपारी, गिरणीच्या पट्ट्याच्या खडखडाटावर आवाज चढवून स्वतःसाठी वापरायची. ऐकणारा खाली बघायचा. जिजी मात्र कधी खाली बघताना मला दिसली नाही.

तिचं लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. वर्ष व्हायच्या आत नवरा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडला. सासूने ओट्यावर बसून आल्यागेल्याला सांगितलं की पांढऱ्या पायाची घरात आली आणि माझा लेक गेला. दहाव्याच्या दिवशी अंगण बायकांनी भरलेलं असताना ही पोरगी लुगडं घोट्यापर्यंत वर धरून मधोमध येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कोणता पाय पांढरा हाय, डावा का उजवा, एकदा बराबर सांगा. तेवढा बाहेर ठेवते." हे माझ्या जन्माच्या पाच-सहा वर्षं आधीचं. मी पाहिलेलं नाही. पण त्या अंगणात असलेल्या तीन-चार बायकांकडून मी ते ऐकलं आहे, आणि प्रत्येकीने ते सांगताना आवाज खाली आणला आहे.

गिरणी नवऱ्याने घातली होती. सासऱ्याला ती विकायची होती. जिजीने विकू दिली नाही. दगड बोथट झाले की त्यांना टाकी लावावी लागते, छिन्नी-हातोडीने एकेक खाच पुन्हा खोदावी लागते. ते काम बायका करत नाहीत असं शिरडच्या कारागिराने सांगितलं, तेव्हा त्याच्या समोर बसून तिने ते दोन दिवसांत शिकून घेतलं. पहिलं वर्षभर तिच्याकडे कुणी दळण आणलं नाही. लोक डोक्यावर डबा घेऊन शिरडला जायचे. पण रोज अर्धा तास जाणं आणि अर्धा तास येणं किती दिवस जमणार? हळूहळू ज्वारी आली, मग गहू आला, मग हरभऱ्याची डाळ आली. लग्नाचं दळण तेवढं पुढेही बरीच वर्षं शिरडलाच जात राहिलं. जिजीला ते माहीत असायचं. लग्नघरासमोरून जाताना ती मुद्दाम थांबून विचारायची, "काय वो, पीठ नीट बारीक आलं का तिकडून?"

माझ्या दहावीच्या परीक्षेचं केंद्र शिरडला होतं. पहिल्या पेपरला निघताना आईने माझ्या हातावर साखर ठेवली आणि हळूच सांगितलं, "गिरणीवरून जाऊ नको. मागच्या गल्लीनं जा." आम्ही सहा मुली होतो. सहाही जणींना घरून हेच सांगितलेलं होतं, हे आम्हाला मागच्या गल्लीत एकमेकींना बघितल्यावर कळलं. आणि गल्लीच्या तोंडाशी जिजी उभी होती. गिरणी बंद करून, धुतलेलं लुगडं नेसून. म्हणाली, "मला ठाऊक हाय समद्या इकडून चालल्या म्हणून. चला. आज मी तुमच्या पुढं चालते. पास झालात तर गावाला सांगायचं, आडवं कोण गेलं होतं ते." आणि शिरडपर्यंत ती आमच्या पुढे चालत गेली. एकदाही मागे वळून बघितलं नाही. सगळ्या पेपरांना हेच. आम्ही सहाही पास झालो. गणितात मी काठावर निघाले, पण त्याचा दोष जिजीच्या पायांना देता येणार नाही.

निकालाच्या दिवशी ती सहाही घरी गेली. आमच्या दारात येऊन म्हणाली, "सरू, तोंड गोड कर माझं." सरू म्हणजे माझी आई. आईने वाटीत साखर आणून दिली, पण मान वर केली नाही. जिजीने साखर खाल्ली, वाटी ओट्यावर उपडी ठेवली आणि गेली.

पुढच्याच वर्षी बाबा गेले. तीन दिवसांचा ताप, आणि चौथ्या दिवशी नाहीत. आमच्या घरात सगळ्यांत आधी जिजी आली. तिने आईला काहीही ऐकवलं नाही, त्या मागच्या गल्लीची आठवणही काढली नाही. चूल पेटवली, मला आणि आजीला भाकरी करून घातली, आणि आईच्या पाठीला पाठ लावून भिंतीशी बसून राहिली. जिजीच्या तोंडचा तो शब्द आमच्या घरात त्या दिवसांत एकदाही आला नाही. आई तर तो स्वतःसाठी पुढेही कधी उच्चारत नसे. आमच्याकडे बोलताना 'बाबा गेल्यापासून' एवढंच म्हणायचं असा न बोलता ठरलेला नियम होता.

कुणी तो शब्द जिजीला म्हटलेला मात्र तिला चालत नसे. हे मला एका टेम्पोवाल्यामुळे कळलं. तो हळदीची पोती न्यायला यायचा. जिजी स्वतःला रोज तसं म्हणते हे ऐकून त्याला वाटलं असावं की हा विनोद सगळ्यांसाठी मोकळा आहे. एकदा तो हसत म्हणाला, "चल गं रंडके, आटप लवकर." जिजीने गिरणीचा खटका खाली केला. दगड लगेच थांबत नाहीत, घरघरत राहतात. ते पूर्ण थांबेपर्यंत ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मी म्हणते तवा तो माझा शब्द हाय. तू म्हणलास तवा तो तुझ्या आज्याचा हाय. आज्याचा शब्द आज्याजवळच ठेव." तो म्हणाला, "जिजी, मी तर गमतीनं म्हणलो." "मी बी गमतीनंच सांगून राहिले," ती म्हणाली, आणि हसली नाही. तो पुढे तिला 'मावशी' म्हणायला लागला.

मी हिंगोलीला कॉलेजात होते तेव्हा गावात हळदीचा गट सुरू झाला. सात बायका. सातही जणींचे नवरे वारलेले. कुणी मुद्दाम तसं ठरवलं नव्हतं. इतर गटांमध्ये यांना कुणी पुढे बसू देत नव्हतं, म्हणून या आपसूक एकत्र आल्या. त्यात जिजी, माझी आई, बौद्धवाड्यातल्या कमलाबाई आणि आणखी चौघी. हळद काढायची, कढईत शिजवायची, महिनाभर उन्हात वाळवायची, पॉलिश करून आणायची आणि दळायची. जिजीने गिरणीच्या शेजारी हळदीसाठी वेगळं कांडप बसवून घेतलं. त्या दिवसांत सातही जणींचे हात कोपरापर्यंत पिवळे असायचे, आणि ते धुऊन जायचे नाहीत. जिजी म्हणायची, "आजूबाजूच्या समद्या गावच्या नवऱ्या आमच्या हातच्या हळदीनं पिवळ्या होऊन राहिल्या, आन आमालाच म्हणतेत मागं व्हा."

हिंगोलीत महिला गटांचं प्रदर्शन भरणार होतं. सुटी हळद तिथे चालणार नव्हती, पाकीट हवं होतं आणि पाकिटावर नाव हवं होतं. नाव जिजीने सुचवलं: रंडकीची हळद. बाकीच्या आधी दचकल्या, मग पदरात तोंड घालून हसल्या. मला ते लगेच आवडलं. मी वीस वर्षांची होते. नुकतंच कॉलेजात एक व्याख्यान ऐकलं होतं, की ज्या शब्दाने आपल्याला मारलं तोच आपण हातात घेतला की मारणाऱ्याचा हात रिकामा होतो. मी हिंगोलीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून पिवळ्या कागदावर मोठ्या लाल अक्षरांत नमुना छापून आणला. आईला दाखवला नाही. वेळ मिळाला नाही असं मी स्वतःला सांगितलं.

गिरणीत बैठक झाली. मी नमुना मधोमध ठेवला आणि ते व्याख्यान जवळजवळ पाठ म्हणून दाखवलं. जिजी खूश होती. अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाली, "बघा, कसं झळकून राहिलं." चौघींनी माना डोलावल्या.

कमलाबाईंनी डोलावली नाही. जिजीने विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कौसा, तुला राग येईल."

"येऊ द्या. बोला तर खरं."

"आमच्या आज्याला गाव ज्या शब्दानं हाका मारायचं, तो आमी उचलून छातीला न्हाई लावला. टाकला. दुसरं नाव घेतलं, दुसरी वाट घेतली. आता माझ्या नातवाला तो शब्द कोणी म्हणून तर बघावा. जो टाकता येते तो शब्द टाकून द्यावा, असं मला वाटते."

जिजीला राग आला नव्हता. म्हणाली, "तुमी समदे मिळून टाकून निघालात, कमलाबाई. आमी कुठं निघावं? मी इथं टाकला की तिथं कोणीतरी तोच उचलते आन मला मारते. त्यापरीस माझ्याजवळच असलेला बरा."

"मग तुझ्याजवळ ठेव," कमलाबाई म्हणाल्या. "पाकिटावर काहून?"

जिजीने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा बोलायला लागले, आणि बोलता बोलता माझं लक्ष आईकडे गेलं. ती उठली होती. कुणाकडे न बघता ती गिरणीबाहेर गेली.

"जाऊ दे, येईल," कुणीतरी म्हणालं. "सहा जणी हो म्हणल्या तर झालं."

"पाच," कमलाबाई म्हणाल्या.

जिजी उठून आईच्या मागे गेली. मीही गेले, पण दाराच्या आतच थांबले. आई पाण्याच्या हौदाच्या कडेवर बसली होती. जिजी तिच्या शेजारी बसली. मला वाटलं, ती आता आईला समजावेल, धीर देईल, गंमत करून हसवेल. तिने तसलं काही केलं नाही. ती म्हणाली, "सरू, ते कोणत्या पायाचं लोक सांगतेत ना माझं, दहाव्याचं? लोकाला वाटते मी लई हिमतीची. मी हिमतीनं न्हाई म्हणलं ते. मला खरंच वाटलं होतं, सांगतील. आदल्या दिवशी नदीवर बसून मी दोन्ही पाय दगडानं घासले होते. रगत निघेस्तोवर. पांढरं काही निघालं न्हाई."

मग आई बोलली, आणि जे बोलली ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाचं लग्न झालं तेव्हा मी हिंगोलीला होते. लग्नाची हळद आईने दळली होती, चाळली होती, तेलात कालवली होती. नवरदेवाला पाटावर बसवलं. तो लहान असताना आईनेच त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं, म्हणून ती वाटी घेऊन सगळ्यांच्या आधी पुढे झाली. तिच्या थोरल्या जावेने तिचं मनगट धरलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "रंडक्यांनी मागं व्हायचं." आई मागे झाली. मोरीत जाऊन तिने हात धुतले. "लई धुतले, जिजी," आई म्हणाली. "रंग काही जाईना. जेवायला बसले तर हात पिवळेच. लोक बघून राहिले." मग ती म्हणाली, "तुमी म्हणा तो शब्द. तुमच्या तोंडी मला चालते. पण तो छापलेला मी रोज हातानं पाकिटाला चिकटवू शकत न्हाई. माझ्यानं न्हाई होणार."

जिजी आत आली. तिने तो पिवळा कागद उचलला, त्याची नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. "दुसरं नाव काढा," ती म्हणाली.

मला राग आला होता, आणि त्या रागाच्या खाली लाज होती. मी म्हणाले, "पण जिजी, पाच जणींना चालतंय."

"हे मोजायचं काम न्हाई, पोरी. पाचांना चालते म्हणून सहावीच्या कपाळावर लिहायचा का? मग आपल्यात आन तिच्या जावेत फरक काय राहिला?"

हळदीचं नाव ठेवलं 'सात जणींची हळद'. नाव काही झळकणारं नव्हतं. हळद चांगली होती, त्यामुळे खपली.

पण जिजीने तो शब्द सोडला नाही. त्याच महिन्यात तिने औंढ्याहून पेंटर बोलावला आणि गिरणीवर पाटी रंगवून घेतली: 'रंडकीची गिरणी. मालक कौसाबाई.' सरपंच दुसऱ्या दिवशी तावातावाने आले. गावाची अब्रू जाते म्हणाले, बाहेरची पाहुणेमंडळी वाचतात म्हणाले. जिजीने त्यांना बसायला पोतं दिलं आणि विचारलं, "तुमच्या घरी भांडण झालं तवा तुमी हाच शब्द ओट्यावरून वरडला होता. मी दळण टाकून ऐकून राहिले होते. तोंडात चालते आन पाटीवर काहून चालत न्हाई?" सरपंच कपड्यांवरचं पीठ झटकत निघून गेले. पाटी राहिली. आमच्या आईला ती पाटी दिसायची. मी एकदा तिला विचारलं, तुला त्रास नाही होत? ती म्हणाली, "तिचं तिनं लिवलं. तिचं नाव बी हाय ना खाली."

माझं लग्न झालं, मी नरसीजवळच्या एका गावात शिक्षिका झाले, मुलगी झाली. जिजी वर्षातून एकदा हळद घेऊन यायची, आणि आर्याला, माझ्या मुलीला, मांडीवर घेऊन माझ्या दहावीच्या गणिताची गोष्ट सांगायची. मग चार वर्षांपूर्वी, एका सकाळी, शाळेला जायला पायात बूट घालता घालता आर्याचे बाबा, तेही शिक्षकच, खाली बसले आणि उठले नाहीत. छत्तीस वर्षांचे होते.

जिजी दुपारच्या एसटीने आली. तिला दारात बघितलं आणि मला वाटलं, आता ही तो शब्द म्हणेल. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. निदान एकीने तरी सरळ म्हणावं असं वाटत होतं. ती काही म्हणाली नाही. दहा दिवस राहिली. भाकऱ्या केल्या, आर्याच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत सोडून आली. दहाव्याच्या दिवशी सासरकडच्या दोन बायका माझ्या बांगड्या फोडायला पुढे आल्या. मी जिजीकडे बघितलं. तिने आईकडे बघितलं. माझी आई, जिने उभ्या आयुष्यात चार माणसांत आवाज चढवला नव्हता, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तिच्या हाताला हात लावायचा न्हाई." एवढंच. पण त्या बायका थांबल्या. मी नंतर जिजीला विचारलं, तू का नाही बोललीस? ती म्हणाली, "मी बोलले असते तर लोक म्हणले असते, ही तर बोलतेच. सरू बोलली, म्हणून त्या थांबल्या."

त्याच संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी ओट्यावर बसले होते. जिजी गहू निवडत होती. माझ्या आत काहीतरी कडू साचून राहिलं होतं. मी म्हणाले, "झालं जिजी. आता मी बी तुझ्या गोतातली. रंडकी."

तिने निवडणं टाकून माझ्या तोंडावर हात ठेवला. जोरात ठेवला. तळहात खरबरीत होता.

"अजून न्हाई," ती म्हणाली.

मी तिचा हात बाजूला केला. "काहून? तू तर रोज म्हणतेस."

"मी बारा वर्षं न्हाई म्हणलं. कोणी म्हणलं की गिरणीच्या मागं जाऊन रडायची. मग एक दिवस दगडाला टाकी लावून राहिले होते. दार लावलेलं. तवा त्या दगडाला म्हणलं पहिल्यांदा. हळूच. दुसऱ्या दिवशी जरा मोठ्यानं. मग गिरणी चालू करून त्या आवाजात वरडून म्हणलं, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. असं किती दिवस केलं असंल. मग एकदा एका साहेबासमोर तोंडातून निघालं, आन मी पडले न्हाई. उभीच राहिले. तवा कळलं, आता पेलते." तिने गव्हाचं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "तू आत्ता म्हणलीस ना, ते स्वतःला मारल्यावानी म्हणलीस. तसा म्हणायचा न्हाई. आधी रडून घे. मग पाहिजे तर म्हण. न्हाई म्हणलीस तरी काही बिघडत न्हाई. तुझी माय न्हाई म्हणत, ती काय माझ्यापरीस कमी हाय?"

मी रडले. त्या दहा दिवसांत पहिल्यांदा. जिजीने मला जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. गहू निवडत राहिली, अगदी सावकाश, मला हवा तेवढा वेळ मिळावा म्हणून.

मी एम.ए. केलं, शिक्षणशास्त्राची पदवी घेतली, शब्दांवरची व्याख्यानं ऐकली आणि दिलीही. चौथी शिकलेल्या एका बाईने दार लावून, एका दगडासमोर बसून एक शब्द कसा उचलायला शिकून घेतला, हे आठवलं की मला आजही आपण फार लहान आहोत असं वाटतं. आणि त्याहूनही मोठं मला हे वाटतं की इतक्या कष्टाने कमावलेली वस्तू तिने कुणाच्या गळ्यात घातली नाही.

गेल्या हिवाळ्यात जिजी गेली. आजारी पडली नाही, कुणाला हाक मारली नाही. सकाळी दळणाचे डबे घेऊन लोक गिरणीसमोर उभे राहिले, आणि दार उघडलं नाही, एवढंच. मी पोहोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. त्यांत तो टेम्पोवाला होता. माजी सरपंच होते. मागच्या गल्लीतल्या आम्हा सहा मुलींपैकी चौघी होत्या, आणि त्या चौघींत मी धरून दोघी तिच्यासारख्याच नवरा गेलेल्या. कमलाबाई माझ्याजवळ आल्या. आता खूप थकल्या आहेत. म्हणाल्या, "मला शेवटपर्यंत पटलं न्हाई तिचं. पण तिच्यासारखी मी दुसरी बघितली न्हाई."

मागच्या महिन्यात आर्या शाळेतून आली आणि दप्तर न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली. ती आता दहा वर्षांची आहे. म्हणाली, "आई, रंडकी म्हणजे काय? वर्गातली एक मुलगी म्हणाली, तू रंडकीची पोरगी आहेस."

मी पोळी लाटत होते. लाटणं थांबलं. मग मी पोळी तव्यावर टाकली, उलटली, उतरवली, गॅस बंद केला. म्हणाले, "जिचा नवरा वारला ती बाई. शब्दाचा अर्थ एवढाच."

"मग तू आहेस?"

"हो. आहे," मी म्हणाले. आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. "पण मला तो शब्द कुणी म्हणायचा, हे मी ठरवणार. तिने ठरवायचं नाही."

"मग कोण म्हणू शकतं?"

"सध्या कुणीच नाही."

तिने मान हलवली. तिला ते पुरेसं वाटलं असावं. दप्तर काढून ती हात धुवायला निघाली आणि दारातून मागे वळली. "उद्या ती परत म्हणाली तर काय सांगू?"

"तिला म्हणावं, माझ्या आईला येऊन सांग. मी शाळा सुटल्यावर घरीच असते."

आर्याने निरोप दिला. ती मुलगी अजून आलेली नाही. मी संध्याकाळी दार उघडं ठेवते.